पाच वेळा दोन

सन दोन हजार चोवीस, भाद्रपदाचा वद्य पक्ष. मूग घरात आला होता, कापूस बोंडावर होता. ह्या महिन्यापासून सांगतो. त्याआधीचं माझं आयुष्य थोडक्यात उरकतो, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मी बटणांचा फोन बोलतोय. बारा कळा, वर एक हिरवी, एक लाल, डोक्याला टॉर्च. दोन हजार पंधरा साली सोनपेठच्या एका दुकानात मी काचेखाली पडून होतो. बन्सीधर आला. दुकानदारानं त्याला मोठ्या पडद्याचे फोन दाखवले. बन्सीधर म्हणाला, "बोलायचा दाखवा. बघायचा नको." तिथंच मला माणूस पटला.

मला कॅमेरा नाही. बघणं माझं काम नव्हे. ऐकणं आणि पोचवणं, एवढं काम. ते मी चोख केलं. दोनदा वखराखाली आलो, एकदा गव्हाणीत पडून बैलाच्या तोंडापर्यंत गेलो. बंद पडलो नाही. आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे सत्तरी. बन्सीधरही सत्तरी ओलांडलेला. आम्ही दोघं फार बोलत नाही.

त्याचं शिक्षण थोडं. आकडे येतात, सही येते. अक्षरं लावायला बसला तर एका ओळीत चहा थंड होतो. हे तो कुणाला सांगत नाही. कुणी कागद पुढं केला की म्हणतो, "चष्मा घरी राहिला." चष्मा त्याच्याकडे नाहीच. कधीच नव्हता.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी. तीन वर्षांमागं एका दुपारी एका बाईचा आवाज आला. आधीच भरून ठेवलेला आवाज. अमुक हवं असेल तर एक दाबा, म्हणाला. बन्सीधरनं दाबला. त्याला वाटलं, बाई विचारती तर जबाब द्यावा. त्या दिवसापासून त्याला जो फोन करील त्याच्या कानात नाचाचं गाणं वाजू लागलं. त्याच आठवड्यात त्याचा थोरला भाऊ वारला. पाहुणे दुःख कळवायला फोन करायचे आणि गाणं ऐकायचे. दहाव्याला मेव्हणा चारचौघांत म्हणाला, "दाजी, भाऊ गेल्याचा लयच आनंद झालेला दिसतो."

बन्सीधरनं त्यानंतर एकची कळ सोडली. कुणी काही विचारलं, एक किंवा दोन दाबा म्हटलं, की तो दोन दाबतो. न ऐकता. न थांबता. माझ्या दोनच्या कळेवरचा आकडा त्यानं पुसट झाला.

आता भाद्रपद.

राजेश्री ही बन्सीधरची नात. पंधरा वर्षांची, दहावीत. शाळेत दवाखान्याची माणसं आली, मुलींचं रक्त तपासलं. हिचं कमी निघालं. तालुक्याच्या दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी एक वेगळी खोली आहे. तिथं सत्यशीला सिस्टर बसतात. त्यांनी राजेश्रीला तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणाल्या, पुढची तारीख मेसेजनं कळवीन, कारण मोठ्या डॉक्टरीणबाईंचे दिवस ठरलेले नसतात. मधल्या काळात माहितीचे मेसेज येतील. महिन्यातून एकदा प्रश्न येईल, त्याचं उत्तर पाठवायचं. नंबर दे.

घरात फोन एकच. तिनं माझा नंबर दिला.

पहिला मेसेज आला तेव्हा मी बन्सीधरच्या खिशात होतो आणि बन्सीधर फाट्यावरच्या पप्पूच्या हॉटेलात. बाकावर पाच-सहा जण होते. मी थरथरलो. बन्सीधरला कापसाच्या भावाचे मेसेज यायचे. त्यानं मला पप्पूपुढं धरलं.

"चष्मा घरी राहिला. बघ रे, कापसाचं काय म्हणतेत."

पप्पूनं एका हातात चहाची किटली धरून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'नमस्कार राजेश्री. पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड दर सहा तासांनी…'"

तो थांबला. किटलीची धार थांबली. बाकावरचं बोलणं थांबलं.

मी हादरलो. नऊ वर्षांत माझ्यातून काय काय गेलं होतं. मरणाच्या बातम्या गेल्या, भावकीच्या शिव्या गेल्या. हा शब्द गेला नव्हता. आणि गेला तो असा, नाव घेऊन, पुरुषांच्या बाकावर.

"काका," पप्पू हळू आवाजात म्हणाला, "हे तुमचं न्हाई. घरी द्या."

बाकावरून एक जण म्हणाला, "बन्सीधरराव, मग भाव काय निघाला?"

हसले सगळे. बन्सीधरनं चहा तसाच ठेवला. मला खिशात टाकलं आणि भर उन्हात चालत घरी आला. त्याच्या छातीचे ठोके मला नीट लागत होते. शेतात औत धरल्यावरही ते इतके जोरात पडत नाहीत.

घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मेसेज पुसून टाकला. पुसायला त्याला राजेश्रीनंच शिकवलं होतं; उत्तर पाठवायलाही तिनंच. कुठली कळ किती वेळा, हे तो पाढ्यासारखं पाठ करतो.

त्या दिवसापासून दवाखान्याचा मेसेज आला की तो ओळखायचा. आरंभीच्या अक्षरांचा आकार त्यानं मनात धरला होता. वाचायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. पुसायचा. पण महिन्याचा प्रश्न पुसून जात नसे. जबाब आला नाही तर तो दुसऱ्या दिवशी परत येई, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी एक आणि दोन हे आकडे असत. ते त्याला वाचता येत.

प्रश्न असा होता: "राजेश्री, पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? चक्कर येते का? धाप लागते का? हो असेल तर १ पाठव, नाही तर २. १ आल्यास सिस्टर फोन करतील."

बन्सीधरनं दोन पाठवला. मी पोचवला. त्या महिन्यापुरता प्रश्न गप्प झाला. त्याला वाटलं, सुटलो.

मला सगळं कळत होतं. सांगता येत नव्हतं. तोंड असून जीभ नसावी, तसा मी.

दिवाळी झाली. राजेश्रीचे आईबाप ऊसतोडीला गेले, कोल्हापूरकडं. आता घरात बन्सीधर, त्याची बायको मनकर्णा आणि पोरगी. संध्याकाळी मुकादमाच्या मोबाइलवरून परमेश्वरचा, म्हणजे पोरीच्या बापाचा, फोन यायचा.

"राजी कशी हाय, दादा?"

"बरी हाय. अभ्यास करायलीय."

हा दोनच होता. तोंडानं पाठवलेला.

एकदा राजेश्रीनं विचारलं, "आजोबा, दवाखान्याचा मेसेज आलाय का? गोळ्या सरत आल्यात."

बन्सीधर बैलाला चारा टाकत होता. "न्हाई," म्हणाला.

मी त्याच्या खिशात होतो. तारखेचा मेसेज त्यानं दोन दिवसांपूर्वी पुसला होता. मी नऊ वर्षं ह्या माणसाबरोबर आहे. बाजारात त्यानं बैलाचं वय चोरलं नाही, वजनात दगड घातला नाही. तो पोरीशी खोटं बोलला, आणि चारा टाकायचा हात थांबलासुद्धा नाही. मी सुन्न झालो.

डिसेंबरची तारीख गेली. गोळ्या संपल्या.

तुम्ही म्हणाल, पोरीनं स्वतः फोन उघडून का बघितला नाही. सांगतो. एरवी उघडला तरी आलेलं सगळं पुसलेलं असे. दिवसा मी बन्सीधरच्या खिशात असे. दुपारी वीज आली की मला चार्जिंगला लावत, आणि घरातलं चालू असलेलं बटण एकच, ते देवघरात. टाकांच्या शेजारी, पोखर्णीच्या नृसिंहाच्या फोटोखाली माझी जागा. राजेश्री महिन्यातले ते दिवस ओसरीत एका कोपऱ्यात बसायची. घरात शिवायचं नाही, देवघराकडं जायचं नाही. आधी ते पाच दिवस असत. मग सहा झाले. मग आठ. जेव्हा मला उघडण्याची तिला गरज होती, नेमकी तेव्हाच मी देवांमध्ये होतो.

"आजी, फोन दे की जरा," एकदा ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली.

"तुझ्या हाती दिलेला फोन पुन्हा देवापाशी कसा ठेवू बाई?" मनकर्णा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच अडचण पडली होती.

"लय दिवस चालायलंय आजी ह्या वेळी."

"बाईच्या जातीला असतंच ते. माझं काय कमी होतं? चार लेकरं झाली."

मी तिथं, तीन हातांवर होतो. माझ्या पोटात सिस्टरचा नंबर होता.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पाच प्रश्न आले, पाच वेळा दोन गेला.

मार्च लागला. दहावीची परीक्षा चालू होती, दोन पेपर राहिले होते. राजेश्री त्यातही ओसरीत बसून होती, नववा दिवस. पेपरला जायची, येऊन परत कोपऱ्यात बसायची. पाठांतराचा आवाज यायचा. तो आवाज मधेच तुटायचा, धाप लागल्यासारखा.

त्या दुपारी बन्सीधर गोठ्यात होता. मनकर्णा पाण्याला गेली होती. मी देवघरात, वायरीला. महिन्याचा प्रश्न आला. तिसऱ्यांदा आला होता. पहिले दोन दिवस बन्सीधरच्या हाताला वेळ मिळाला नव्हता. मी वाजलो.

पाठांतर थांबलं. पावलं आली. उंबऱ्याशी थांबली. बराच वेळ थांबली. आणि मग तिनं उंबरा ओलांडला.

दोन पावलं पडली. तिसरं पडलं नाही. तिचा हात वायरीत अडकला आणि मी, हळदीकुंकवाचा करंडा आणि पोरगी, तिघं खाली आलो.

मी तिच्या गालाला लागून पडलो होतो. मार्च महिना, पत्र्याचं घर, दुपार. आणि गाल गार होता. श्वास माझ्या बोलायच्या भोकावर येत होता, इतका हलका की मला वाटलं रेंज गेली.

बन्सीधर आवाजानं आला. "राजी," म्हणाला. परत म्हणाला. तिला उचलून त्यानं ओसरीत नाही, तिथंच देवापुढं मांडीवर घेतलं. तांब्यातलं देवाचं पाणी तिच्या तोंडावर मारलं.

मनकर्णा आली, दारातच थबकली. "अवो, देवघरात…"

"पाणी आण," बन्सीधर म्हणाला. "आनखी आण."

पोरीनं डोळे उघडले असावेत, कारण तिचा आवाज आला. "आजोबा, फोन."

त्यानं मला तिच्या हातात दिलं. बोटं थंडगार. तिनं मेसेज वाचला, आधी मनात, मग मोठ्यानं. बन्सीधरनं तो पहिल्यांदा पुरा ऐकला. सात दिवस, चक्कर, धाप, एक, दोन, सिस्टर फोन करतील. मनकर्णा खाली बसली.

"आधीचे कुठं गेले?" पोरगी पुटपुटली आणि शोधू लागली. आधीच्या महिन्यांत आलेले सगळे पुसलेले होते. पण गेलेल्याची एक एक प्रत मी ठेवतो. बन्सीधरला ते माहीत नव्हतं. तिनं ते कपाट उघडलं.

"आजोबा, हे दोन कुणी पाठवले?"

त्यानं तिच्या कपाळावरचं पाणी पुसलं.

"पाच हायेत."

"मीच," तो म्हणाला. "एक दाबला की गाणं लागतं."

पोरगी हसली. मी शपथेवर सांगतो, ती हसली. तिच्यात हसायला रक्त नव्हतं, तरी. "मेसेजला गाणं लागत न्हाई, आजोबा."

मग म्हणाली, "एक पाठवा."

"तू पाठव."

"बोट न्हाई दाबत माझं."

बन्सीधरनं मला घेतलं. त्याचा अंगठा माझ्या पहिल्या कळेवर आला. तीन वर्षांत तिथं कुणी बोट ठेवलं नव्हतं. कळ ताठर झाली होती. त्यानं ती दाबून धरली. मी एक पोचवला. माझ्या हयातीतली सगळ्यात हलकी गोष्ट, आणि मी तिच्याखाली वाकलो.

दहा मिनिटांत फोन आला.

"राजेश्री बोलतीय का? मी सत्यशीला सिस्टर."

"मी तिचा आजा बोलतोय."

"काय होतंय तिला?"

बन्सीधरनं घसा साफ केला. समोर टाक होते, शेजारी बायको होती, कानात परकी बाई होती. "पाळी," तो म्हणाला. "नववा दिवस हाय. आता पडली. गार लागायलीय."

त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला. हॉटेलात हादरलो होतो त्यापेक्षा जास्त हादरलो. पण ह्या वेळी शब्दाची लाज वाटली नाही. इतके दिवस लागले, ह्याची वाटली.

"काका, तिला आडवंच ठेवा. काही खायला देऊ नका. मी एकशे आठची गाडी पाठवतेय. फोन जवळ ठेवा, बंद करू नका."

तालुक्याहून परभणीला हलवलं. रक्त साडेचार निघालं. डॉक्टर म्हणाले, चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला बारा लागतं. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. दोन पिशव्या रक्त चढवलं. राहिलेले दोन्ही पेपर गेले.

तिसऱ्या दिवशी सत्यशीला सिस्टर स्वतः वॉर्डात आल्या. आवाज थकलेला, एसटीनं आलेल्या. त्यांच्याकडं एक वही होती. त्यात गावोगावच्या मुलामुलींची उत्तरं.

"राजेश्री, पाच महिने तू दोन पाठवलास. प्रत्येक वेळी. मी इथं लिहीत गेले, बरी आहे, बरी आहे. डिसेंबरला आली नाहीस, तरी मला वाटलं, पोरगी बरी आहे म्हणूनच येत नाही. का केलंस असं?"

बन्सीधर खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मी त्याच्या खिशात. मी वाट बघत होतो. आता बोलेल.

"मीच पाठवले," राजेश्री म्हणाली. "परीक्षा होती. दवाखान्यात यायला लागंल म्हणून."

सिस्टरांनी सुस्कारा टाकला. "जीव गेला असता गं बाई." मग वहीत लिहिल्याचा खरखर आवाज आला. लिहिता लिहिता त्या बोलल्या, "उत्तरं खोटी दिली, असं लिहावं लागतंय मला. वाईट वाटून घेऊ नको."

बन्सीधर बोलला नाही.

वखराखाली आलो तेव्हा मला असं झालं नव्हतं. पोरीनं आपल्या नावावर त्याचं खोटं घेतलं आणि त्यानं घेऊ दिलं. ठोके मोजत राहिलो. ते जोरात होते. पण ठोके म्हणजे बोलणं नव्हे.

घरी आल्यावर त्यानं वायरमन बोलावला आणि ओसरीत नवं बटण बसवून घेतलं. माझी जागा आता तिथं, खुंटीला. ज्याला हवा त्यानं घ्यावा. मनकर्णा कुरकुरली, "देवापाशी बरा होता की."

"देवाला कुणाचा फोन यायचाय?" बन्सीधर म्हणाला.

राजेश्री ओसरीत बसते तेव्हाही मी आता तिच्या हाताला येतो. गोळीची आठवण येते, ती वाचते. कधी मोठ्यानं वाचते, मनकर्णाला ऐकू जाईल असं. "आजी, तुला पण लोह पाहिजे म्हणायलेत." "मला काय करायचंय आता लोह घेऊन? दार बसवू का?" अशी त्यांची चालते. बन्सीधर असला की उठून जात नाही. पण तो कमी जेवतो. भाकरी अर्धी ठेवतो. पोरगी त्याला काही म्हणत नाही, आणि तेच त्याला सोसत नाही, हे मला खिशातून कळतं.

माझं आता वय झालं. पडदा एका बाजूनं काळवंडलाय. वीज पूर्वीइतकी धरून ठेवत नाही. कधी थांबेन सांगता येत नाही, म्हणून एवढं बोलतोय. माझ्यात लेकराच्या नावानं काही आलं तर ते लेकराच्या हातात द्या. लाज वाटली तर डोळे मिटा. पण द्या.

चैत्रात दवाखान्याची तारीख आली. राजेश्रीनं मेसेज वाचून दाखवला. बन्सीधर म्हणाला, "मी येतो."

"मी जाते की आजोबा, मैत्रीण हाय बरोबर."

"येतो म्हणलं न्हवं."

एसटीनं गेलो. त्या खोलीबाहेरच्या बाकावर सात-आठ बाया आणि मुली होत्या. एक फाट्याजवळची होती; पप्पूची बायको. तिनं विचारलं, "काका, तुमी कसं काय इकडं?" बन्सीधर म्हणाला, "काम हाय."

राजेश्रीचं नाव पुकारलं. तिच्या आधी बन्सीधर दारात उभा राहिला. दार उघडंच होतं. बाकावरचं बोलणं थांबलं. त्याच्या छातीचे ठोके मला लागत होते. हॉटेलातून भर उन्हात घरी आलो होतो, त्या दिवशीसारखे.

"बाई," तो म्हणाला, "ते पाच दोन माझे होते. पोरीचे न्हाईत."

"काका, बसा आधी."

"उभाच बरा हाय. मेसेज मी तिला दाखवले न्हाईत. पुसले. तारीख आली तीबी पुसली. तिनं विचारलं तर न्हाई म्हणलो." मग म्हणाला, "मला वाचता येत न्हाई."

चष्म्याचं नाव त्यानं काढलं नाही.

मागून राजेश्रीचा आवाज आला. "आजोबा, राहू द्या."

त्यानं मला खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. "ह्यात हायेत पाचीबी. बघून घ्या. आन वहीत दुरुस्त करा."

सिस्टरांनी मला उघडलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मोजले. मग वहीची पानं मागं उलटली. राजेश्रीच्या नावासमोरची ती ओळ त्यांनी खोडली आणि शेजारी काहीतरी लिहिलं. पेन फिरवून त्यांनी बन्सीधरपुढं धरला.

त्यानं सही केली.